खफजीच्या वकीलबाई

“रडून झालं असेल तर दोन घास खाऊन घे. झालं नसेल तर आधी खा, मग रड. रिकाम्या पोटी रडलं की डोकं धरतं.”

खैरनारकाकू माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य हे. दार उघडलं तर समोर एक ठेंगणी, गोरटेली बाई उभी. अंगात सुती गाऊन, त्यावर ओढणी, हातात झाकलेलं पातेलं. नाव नाही, गाव नाही, काही विचारणं नाही. चपला दाराबाहेर काढल्या आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. कुठल्या खणात ताटल्या असतात हे त्यांना माझ्या आधी ठाऊक होतं, कारण त्या इमारतीतली सगळी घरं एकसारखी होती.

आम्ही आदल्या संध्याकाळी दम्मामहून कंपनीच्या गाडीनं खफजीला पोचलो होतो. सौदीच्या नकाशात अगदी वर, कुवेतच्या हद्दीला टेकलेलं हे गाव. वाटेत वाळू, विजेचे खांब, मधेच रस्त्याकडेला थांबलेले उंट, पुन्हा वाळू. माझी ईरा तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. ती सगळा रस्ता “आलं का? आलं का?” विचारत होती आणि गाव आल्यावर खिडकीतून बाहेर बघून म्हणाली, “अजून नाही आलं.” माझा नवरा संदीप सकाळी कामावर गेला, ईरा झोपली, आणि मी न उघडलेल्या बॅगेवर बसून पोटभर रडले.

“मी रडले हे तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं.

“त्यात कळायचंय काय? नवी आलेली प्रत्येक जण रडते. मी तर विमानातच सुरुवात केली होती,” पिठलं वाढता वाढता काकू म्हणाल्या. “गाव चांगलं आहे गं. सवय होते.”

‘सवय होते’ हे दोन शब्द पुढच्या सात-आठ वर्षांत मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले असतील!

काकू मूळच्या निफाडच्या. लग्नाआधी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. खैरनारसाहेब इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, अतिशय मितभाषी. इतके, की काकू म्हणायच्या, “आमच्या घरात बोलणाऱ्यांचा कोटा एकच आहे आणि तो मी घेतलाय.” पंचवीसेक वर्षं दोघं खफजीत होती. त्या काळात कितीतरी मराठी कुटुंबं आली आणि गेली. कुणी जुबैलला बदली घेतली, कुणी कॅनडा गाठलं, बरीचशी मुलं मोठी झाल्यावर पुण्या-नाशकाला परतली. खैरनार तेवढे राहिले. आणि ज्या गावात राहिले त्या गावाबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की काकू पदर खोचून उभ्या राहायच्या. पदर नसला तर ओढणी.

शुक्रवारी दुपारची जेवणं झाली की आम्ही पाच-सहा घरं त्यांच्याकडे चहाला जमायचो. विषय कुठूनही निघो, येऊन थांबायचा तो खफजीवर. राहण्यासारखं गाव आहे की नाही?

खालच्या मजल्यावरचे जोशी पुण्याचे. ते म्हणायचे, “इथे माणूस राहत नाही हो, पार्क केलेला असतो.” त्यांच्या बायकोचं मत नेमकं उलटं. “मला तर स्वर्ग आहे. भाजीत गूळ का नाही घातलास, म्हणून विचारणारं कुणी नाही.” ईरा थोडी मोठी झाल्यावर इंग्रजीत निकाल देऊ लागली, “देअर इज नथिंग हिअर, आई.” माझं मत रोज बदलायचं. शुक्रवार-शनिवार इथली सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी गाव आवडायचं, शनिवारी संध्याकाळी नकोसं व्हायचं.

काकू एकेकाचा समाचार घ्यायच्या. “जोशी, पुण्यात तुमच्या घरासमोर समुद्र होता का? इथे चालत पाच मिनिटांवर आहे. किती वेळा गेलात? ... नाही ना? मग गावाला कशाला नावं ठेवता?” हवा वाईट म्हटलं, की त्या डिसेंबरातली संध्याकाळ काढायच्या. करमत नाही म्हटलं, की “करमणं हे गावाचं काम नाही, आपलं आहे.” जोशींनीच त्यांना ‘वकीलबाई’ नाव ठेवलं. काकूंना ते आवडलं होतं. नव्या माणसाशी ओळख करून देताना त्या स्वतःच म्हणायच्या, “मी खफजीची वकील. फी नाही घेत.”

एकदाच मी त्यांना निरुत्तर झालेलं पाहिलं. मुर्तझाभाई म्हणून दापोलीकडचे एक क्रेन ऑपरेटर होते. कामगारांच्या कॅम्पात राहायचे. काकूंना ताजं पापलेट मिळालं की आणून द्यायचे आणि चहा घेऊन जायचे. त्या दिवशी काकू रंगात येऊन बोलत होत्या. मुर्तझाभाईंनी बशी खाली ठेवली. म्हणाले, “बाई, तुमी फॅमिलीवाले. तुमची खफजी येगली नि आमची येगली. आमच्या खोलीत आठ मानसं हायत. माज्या पोरीचं लगीन मी फोनवर बघितलं. कॅम्पात येऊन दोन दिस ऱ्हावा, मग सांगा गाव कसं हाय ता.”

काकू आत गेल्या, डब्यात लाडू भरले आणि मुर्तझाभाईंच्या हातात दिले. ते गेल्यावर बराच वेळ त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. पण पुढच्या शुक्रवारी पुन्हा वकिली सुरू.

बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा आमच्या इमारतीतून पहिलं लायसन्स काढलं ते पन्नाशी उलटलेल्या काकूंनी. शिकायला दम्मामला जावं लागायचं. दोनदा नापास झाल्या. तिसऱ्यांदा पास होऊन आल्या तेव्हा त्यांनी सगळ्या बिल्डिंगला श्रीखंड वाटलं. मग एक जुनी पांढरी गाडी घेतली. खैरनारसाहेब मागच्या सीटवर बसायचे. पुढे का नाही, विचारलं तर म्हणाले, “पुढून रस्ता दिसतो.” त्यांचा तेवढाच विनोद मला आठवतो. काकू इतक्या हळू चालवायच्या, की मागून ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवूनच असायचे. काकू शांत. “वाजवू दे. त्याच्या घरी आई वाट बघत असेल.”

नवी बाई आली की दुसऱ्या दिवशी काकू तिला त्या गाडीत घालायच्या आणि गाव दाखवायच्या. मासळीबाजार, समुद्राकाठचा रस्ता, भारतीय सामान मिळणारा बकाला, म्हणजे वाण्याचं दुकान. बकालावाल्या केरळी माणसाशी हिंदी, मासळीवाल्याशी अरबी, आणि भाव जमला नाही की दोघांशी मराठी. त्या फेरीत त्यांनी कितीतरी जणींना सावरलं, हे मी शपथेवर सांगेन. मीही त्यातलीच एक, फक्त माझ्या वेळी गाडी नव्हती, फेरी पायी झाली होती.

ऋतुजा आली ती मार्चमध्ये. सासवडची पोर, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुण्यात एका कंपनीत टेस्टिंगचं काम करत होती, ते सोडून आलेली. नवरा निखिल ऑफशोअरला. म्हणजे पंधरवडा समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर आणि पंधरवडा घरी. तो समुद्रात असला की ही चौथ्या मजल्यावर एकटी. काकू पातेलं घेऊन गेल्या, गाडीतून गाव दाखवून आणलं, शुक्रवारी चहाला बोलावलं. ऋतुजा यायची, कोपऱ्यात बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची. हसायचीही. तिच्या हसण्यात काही कमी आहे, असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.

एकदा चहाचे कप विसळताना तिनं काकूंना विचारलं, “काकू, तुम्हाला खरंच आवडतं इथे?”

“आवडतं म्हणजे काय... घर आहे आपलं.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून कुठलं? सवय होते.”

“आणि नाही झाली तर?”

“होते गं,” काकू म्हणाल्या. “सगळ्यांना होते.”

जूनमध्ये ऋतुजानं निखिलला सांगितलं की मला घरी जायचंय. इथे बायकोला देशाबाहेर जायचं तर नवऱ्यानं आधी परवानगी काढायची असते. नुसता पासपोर्ट असून भागत नाही. निखिल भला मुलगा, पण बिथरलेला. तो काकूंकडे सल्ल्याला आला तेव्हा मी तिथेच होते, मेथी निवडत.

“काकू, ती रात्रभर झोपत नाही. जेवत नाही. म्हणते, भिंती जवळ येतात. पाठवू का तिला?”

काकूंनी विचार केला. खरंच केला, मी त्यांच्याकडे बघत होते. मग म्हणाल्या, “पाठवलीस तर ती परत येणार नाही, निखिल. मी बघितल्यात अशा दोघी-तिघी. संसार मोडले. पहिलं वर्ष असंच असतं. थोडं रेट. दिवाळीला दोघं मिळून जा. मी आहे ना इथे, मी बघते तिच्याकडे.”

आणि त्यांनी बघितलं. हे मला सांगायलाच हवं. रोज सकाळी जायच्या, तिला खाली आणायच्या, बळंच पोळी खायला घालायच्या, भरतकाम शिकवायला घेतलं. ऋतुजा सुई हातात धरून बसायची. काकू मला म्हणायच्या, “सुधारतेय. काल हसली.”

ऑगस्टमधली एक दुपार. त्या दिवसांत दहानंतर कुणी पायी बाहेर पडत नाही. गाडीच्या दाराला हात लावला तरी चटका बसतो. काकू डबा घेऊन वर गेल्या तर दार नुसतं ओढलेलं. घरात कुणी नाही. फोन टेबलावर. त्या माझ्याकडे धावत आल्या. मी त्यांना धावताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“पर्स नाहीये तिची. चल.”

बकालावाल्यानं सांगितलं, मॅडम तो हायवे की तरफ गयी, हमने सोचा टॅक्सी लेंगी. किती वेळ झाला? त्याला नीट सांगता येईना. नमाजाच्या आधी, एवढंच.

काकूंनी गाडी कुवेतच्या रस्त्याला काढली; देशाबाहेर पडायची जवळची वाट तीच. त्या दिवशी मागून कुणाचा हॉर्न आला नाही. मी पदपथाकडे बघत होते, पण पदपथ कुठला, डांबर संपलं की वाळू. गरम हवेत लांबचं काही नीट दिसत नव्हतं. प्रत्येक खांब माणसासारखा वाटायचा. काकू मधेच एकदा म्हणाल्या, “टोपी तरी घातली असेल का गं?”

सीमेच्या अलीकडे ट्रकांची रांग लागलेली असते. त्यातल्या एका ट्रकच्या सावलीत ती होती. एका पठाण ड्रायव्हरनं तिला चाकाला टेकवून बसवलं होतं आणि आपला ओला गमछा तिच्या डोक्यावर धरला होता. आम्हाला बघून तो ओरडलाच, “माँ जी, जल्दी! हमने ॲम्ब्युलन्स को बोला है!” ऋतुजाचा चेहरा लालभडक, अंगाला घामाचा थेंब नाही. एका पायातली चप्पल गेली होती आणि तळव्याकडे बघवत नव्हतं. मांडीवर पर्स घट्ट धरलेली. पर्समध्ये पासपोर्ट होता.

काकू वाळूत बसल्या, तिचं डोकं छातीशी घेतलं. ऋतुजानं डोळे उघडले. ओळखलं असावं. कोरड्या जिभेनं म्हणाली, “काकू, रागावू नका.”

“नाही गं बाळा, नाही रागावत.”

“मी निघालेच होते.”

त्यानंतर ती काही बोलली नाही. ॲम्ब्युलन्स आली. दवाखान्यातल्या मलयाळी नर्सेसनी आणि डॉक्टरांनी जे करता येईल ते सगळं केलं. निखिलला बोटीनं आणलं. दोन दिवसांनी सकाळी ऋतुजा गेली.

गावात जेवढी तोंडं तेवढी मतं. डोक्यावर परिणाम झाला होता म्हणे. नवऱ्याचंच काहीतरी असेल. आजकालच्या मुलींना सोसत नाही. जोशी म्हणाले, “गावानं घेतलं तिला,” आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचं वाक्य खोडायला कुणी नव्हतं.

पार्थिव न्यायचं तर पोलिसांचे, दवाखान्याचे, वकिलातीचे कागद. त्यात दिवस गेले. तेवढे दिवस निखिल खैरनारांच्या घरीच होता. दिवाणखान्यात सोफ्यावर बसून राहायचा. खैरनारसाहेब त्याच्या शेजारी बसून राहायचे. साहेबांनी त्या पोराला एकटं सोडलं नाही. ऋतुजाची बॅग काकूंनी भरली. मी मदतीला होते. एकेक कपडा घडी घालून ठेवत होत्या. अर्धवट भरलेला रुमाल हाती आला. त्यावर एक पान आणि अर्धं फूल होतं. काकूंनी तो बॅगेत ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

तेवढ्यात निखिलच्या फोनवर ऋतुजाच्या आईचा फोन आला. त्यांना काकूंशी बोलायचं होतं. काकूंनी फोन घेतला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

“खैरनारकाकू ना? ती फार नाव घ्यायची तुमचं.” बाईंचा आवाज कोरडा ठणठणीत होता, रडून संपल्यावर होतो तसा. “म्हणायची, काकू म्हणतात सवय होईल. मी पण तिला तेच सांगायची. म्हटलं, अगं, इतकी वर्षं राहिलेली बाई सांगतेय, ऐक तिचं... शेवटी तुम्ही होतात ना तिच्याजवळ?”

“होते.”

“काही म्हणाली का हो?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे.

“तुमची आठवण काढली,” त्या म्हणाल्या.

फोन ठेवला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. बॅगेची चेन मी लावली.

शुक्रवारचा चहा बंद झाला. कुणी तो बंद केला नाही. कुणी गेलं नाही, एवढंच. काकू भाजी आणायला खाली उतरायच्या, दिसल्या की हसायच्या, ईराच्या गालाला हात लावायच्या. पांढरी गाडी जागची हलत नव्हती. वाळूचा थर साचून काचा आंधळ्या झाल्या. काही महिन्यांनी साहेबांनी ती विकून टाकली.

हिवाळ्यात एकदा मीच गेले त्यांच्याकडे. काकू तांदूळ निवडत होत्या. आता निवडायचे तांदूळ कुणी आणतं का? पण त्या स्वच्छ, पाकिटातले तांदूळ ताटात पसरून निवडत होत्या. मी समोर बसले. मग ताटावरची नजर न काढता त्यांनी सुरुवात केली.

“तुला माहितीये, केतकीला आम्ही पाचवीत नाशकाला ठेवलं. माझ्या सासूबाईंकडे. इथली शाळा पुढे नव्हती.”

केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन अमेरिकेत होती, हे मला ठाऊक होतं. काकू तिच्याबद्दल फारसं बोलत नसत.

“मला तेव्हा हे म्हणाले होते, तू पण जा तिच्याबरोबर. मी राहतो एकटा. सगळ्या जातातच की. मी नाही गेले. हे एकटे कसे राहतील, असं मी म्हणायचे. खरं सांगू? मला सासूबाईंच्या घरात परत जायचं नव्हतं. इथे मी मोकळी होते. पोरगी विमानतळावर माझी ओढणी सोडत नव्हती. मी तिची बोटं एकेक करून सोडवली, आणि तिला काय सांगितलं असेन?”

त्यांनी ताटातले तांदूळ पुन्हा पसरले.

“सवय होईल,” काकू म्हणाल्या.

ताटातला एक दाणा त्यांनी बोटानं कडेला सारला.

“मग गावाला चांगलं म्हणणं भागच होतं ना मला? खफजी वाईट म्हटली, की मग मी पोरीला कशासाठी सोडलं? जोशी गंमत करायचे. मी गंमत करत नव्हते. आणि ती ऋतुजा... तिनं मला विचारलं होतं गं. सरळ तोंडावर विचारलं होतं. नाही झाली सवय तर? मला तेव्हा ऐकूच आलं नाही. केतकीच्या वेळीही आलं नव्हतं.”

तुमची काही चूक नव्हती, असं म्हणणं सोपं होतं, पण त्यांना ते नको होतं. मी ताट माझ्याकडे ओढलं आणि त्यांच्याबरोबर तांदूळ निवडत बसले.

त्या वसंतात आमच्या मजल्यावर सांगलीचं एक जोडपं आलं. काकू पातेलं घेऊन गेल्या. मी मागोमाग होते. ती मुलगी डोळे पुसत दार उघडायला आली. काकूंनी पातेलं ठेवलं, तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, “हे बघ, इथे काही जणी रमतात, काही नाही रमत. तुला नाही जमलं तर नवऱ्याला सांगायचं, आणि त्यानं नाही ऐकलं तर मला सांगायचं. मी त्याला ऐकवते. कुणी म्हणालं सवय होते, तर त्याचं ऐकायचं नाही.” मुलगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. तिला ते सांत्वन वाटलं नसावं. पण नोव्हेंबरात ती सांगलीला गेली, आणि तिच्या परवानगीसाठी तिच्या नवऱ्याच्या मागे लागून लागून काकूंनी त्याला भंडावून सोडलं होतं.

पुढच्या वर्षी खैरनारसाहेबांची नोकरी संपली. इथे नोकरी संपली की मुक्काम संपतो. पंचवीस वर्षं राहिलेल्याला आणि पंचवीस दिवस राहिलेल्याला नियम एकच. निरोप समारंभ काकूंनी करू दिला नाही. निघाल्या त्या दिवशी इमारतीखाली आम्ही सगळे जमलो होतो, मुर्तझाभाईही कॅम्पातून आले होते. काकूंनी त्यांच्या पुढे हात जोडले. म्हणाल्या, “मुर्तझाभाई, तुम्ही सांगितलं होतंत. मी आले नाही तुमचा कॅम्प बघायला.” मुर्तझाभाई नुसतं “असू द्या बाई, असू द्या” म्हणत राहिले. गाडी निघाली. इतकी वर्षं गावाची बाजू लढवलेली बाई, मला वाटलं एकदा तरी काच खाली करून मागे बघेल. नाही बघितलं.

दोघं थोडे दिवस नाशकात राहून केतकीकडे गेली. केतकीचा नवरा अमेरिकेत आयोवा नावाच्या राज्यात, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका लहान गावातल्या कारखान्यात आहे. गेल्या फेब्रुवारीत एका दुपारी मी काकूंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडे नुकतीच सकाळ होत होती. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. काकू अंगात जाड स्वेटर घालून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या. वाळल्या होत्या. साहेब आत झोपले होते.

“कसं आहे गाव?” मी विचारलं. सवयीनंच विचारलं.

“मी आत्ताच आलेय. मला काय माहीत?” त्या म्हणाल्या. “शेजारी एक म्हातारे शेतकरी आहेत, ते म्हणतात, जगात याच्यासारखी जमीन नाही. त्यांचा नातू म्हणतो, शाळा संपली की इथून पळणार. जावयाला फार आवडतं. रस्त्यावर कुत्रं भुंकत नाही म्हणतात.”

“आणि केतकीला?”

केतकी मागे ओट्याशी कॉफी करत होती. तिनं ऐकलं. कप हातात घेऊन ती टेबलाशी आली, मला “हाय” केलं आणि आईकडे बघून हसत म्हणाली, “मला कुणी विचारलंच नाहीये.”

काकूंनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि खुर्ची फिरवली. आता मला त्यांची पाठ आणि कानाची कड एवढंच दिसत होतं.

“मग आता विचारते,” त्या म्हणाल्या. “सांग. कसं वाटतं तुला इथे?”

केतकी आधी इंग्रजीत काहीतरी सांगून उडवू बघत होती. इट्स फाइन, आई. पीपल आर नाइस. काकू खुर्चीतून हलल्या नाहीत. केतकी थांबली. कप खाली ठेवला. मग मराठीत बोलू लागली, हळूहळू, शब्द शोधत. हिवाळ्यात पाच वाजताच अंधार होतो, ते बोलली. दिवसभर घरात बोलायला कुणी नसतं, ते बोलली. आणि मग म्हणाली, “नाशकात पण असंच व्हायचं मला. आजीकडे. संध्याकाळ झाली की...” काकूंनी टेबलावरून हात पुढे केला. सवय होईल म्हणाल्या नाहीत, असू दे म्हणाल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “हं. संध्याकाळ झाली की काय व्हायचं?”

केतकी सांगायला लागली. इतक्या वर्षांचं होतं ते, आणि माझ्यासाठी नव्हतं. फोन चालू आहे, हे दोघींच्याही लक्षात नव्हतं. मी आवाज न करता तो बंद केला.